उसवायचं किती आणि ठेवायचं किती

पत्र : माझं वय ५२. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या इरकली लुगड्यांची वाकळ भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी करावी म्हणून साडेपाच इंचाचे ६३ चौकोन कापले आणि घरच्या मशीनवर सात बाय नऊ असे जोडले. त्याखाली एक सुती साडी, मग एक जुनी चादर आणि सगळ्यांत खाली अस्तर घातलं. हाताने बाहेरून पाच फेऱ्या मारून झाल्या आणि धीरच सुटला. चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत, मध्ये फुगा आलाय, टाके कुठं तांदळाएवढे तर कुठं गव्हाएवढे. फोनवर लोकांच्या गोधड्या बघते, एक रेघ वाकडी नसते. जाऊबाई म्हणाल्या, "बाजारात मिळते की तयार." चार महिने झाले, वाकळ ट्रंकेवर पडून आहे. दोन लुगडी शिल्लक आहेत, पण कात्री लावायला हात धजत नाही. सगळं उसवू का? की माझ्या हातातच हे नाही?
(सांगली जिल्हा, नाव छापू नये)

उत्तर :

ताई, सगळं उसवू नका. थोडंसं उसवावं लागेल, कदाचित तेवढंही लागणार नाही.

तुम्ही तीन वेगवेगळ्या तक्रारी एका गाठोड्यात बांधल्यात आणि त्या गाठोड्याला "माझ्या हातात हे नाही" असं नाव दिलंय. गाठोडं सोडलं की दिसतं, कोपऱ्यांची तक्रार मापाची आहे, फुग्याची क्रमाची आहे आणि टाक्यांची बरीचशी त्या चादरीची आहे. हाताच्या वाट्याला फार थोडं उरतं, आणि तेवढं सरावाने जातं.

कोपऱ्यांपासून सुरुवात करू. साडेपाच इंचाचा चौकोन दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच शिलाईत गेला की पाच इंचाचा उरतो. एका ओळीत नऊ चौकोन म्हणजे आठ जोड, आणि प्रत्येक जोडात दोन कापडांची कड आत जाते. पाव इंचाऐवजी तुमची शिलाई अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त आत गेली, तर एका जोडात एक सूत कमी होतं. आठ जोडांत आठ सूत, म्हणजे पुरता एक इंच. एक ओळ ४५ इंच आणि तिच्या शेजारची ४४. मग कोपरे जुळणार कसे? डोळ्याला न दिसणाऱ्या अर्ध्या सुताने हे होतं. वर्षानुवर्षं ब्लाऊज शिवणाऱ्या बाईकडूनही पहिल्या गोधडीत हे होतं, कारण ब्लाऊजला एवढे जोड एका रेषेत कधीच नसतात.

मशीनच्या दाबपट्टीची कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असते असं आपण धरून चालतो, पण बऱ्याच घरगुती मशीनवर ती तशी नसते. सुई खाली टेकवा, सुईपासून उजवीकडे पाव इंच मोजा आणि मशीनच्या पत्र्यावर तिथे चिकटपट्टी लावा. कापडाची कड त्या पट्टीला घासत न्यायची. मग जुन्या चादरीचे साडेपाच इंचाचे तीन तुकडे जोडून बघा. मधला चौकोन बरोबर पाच इंच भरला पाहिजे. कमी भरला तर पट्टी सुईकडे सरकवा, जास्त भरला तर बाहेर. इस्त्री करताना एका ओळीच्या शिलाया उजवीकडे पाडा, खालच्या ओळीच्या डावीकडे. दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की जोड एकमेकींत अडकून बसतात आणि बोटाला ते कळतं. इस्त्री कापडावर टेकवून उचलायची. ओढली की चौकोन ताणून तिरका होतो.

हे पुढच्या वेळेसाठी. जे शिवून झालंय त्यातलं उसवायचं काय, हे दिसण्यावरून ठरवू नका, ताकदीवरून ठरवा. चुकलेल्या प्रत्येक कोपऱ्यापाशी शिलाईबाहेर किती कापड उरलंय ते बघा. गोधडीची अजून न शिवलेली मधली बाजू सैल आहे, तिथून वरचा थर चिमटीत उचलून प्रकाशासमोर धरला की शिलाईमागची कड सावलीसारखी दिसते. एक सूत किंवा जास्त कड उरली असेल तर कोपरा कितीही सरकलेला असो, तो तसाच राहू द्या. एका सुतापेक्षा कमी उरली असेल तर पहिल्या-दुसऱ्या धुण्यात ती शिलाई सुटणार. तेवढी जागा वरूनच हाताने बारीक लपत्या टाक्यांनी पक्की करा, किंवा त्यावर लहानसं ठिगळ लावा. जुन्या वाकळींवर अशी ठिगळं जागोजागी असतात आणि ती वाकळीचाच भाग होऊन जातात.

आता फुगा, कारण तुम्ही खरी थांबलात ती इथेच.

आपल्याकडे वाकळ बाहेरून आत फेऱ्या घेत शिवतात, तुम्हीही तेच केलंत. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी नावाची गोधडीसुद्धा कडेकडून मध्याकडे जाते. पण कवंदीत वरचे तुकडे आधी जोडलेले नसतात. एकेक तुकडा ठेवायचा, त्याची कड बोटाने दुमडायची, आणि ज्या धावदोऱ्याने थर शिवले जातात त्याच धावदोऱ्याने तोही शिवायचा. प्रत्येक फेरीला ढिलं कापड थोडं आत सरकतं, आणि मध्यावर पोहोचल्यावर उरलेल्या जागेच्या मापाचाच शेवटचा तुकडा बसवतात. तुमचा वरचा थर मात्र ६३ चौकोनांचा आधीच बांधून तयार होता. पाच फेऱ्यांनी आत ढकललेल्या कापडाला बाहेर पडायला वाट राहिली नाही. म्हणून आधी जोडलेला थर असेल तेव्हा शिवण मध्यापासून कडेकडे न्यायची आणि त्याआधी सगळे थर कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचे. टाचण्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. तो राहिला असणार, असा आमचा कयास आहे.

आज करायचं ते असं. गोधडी फरशीवर पालथी पसरा आणि आधी अस्तर बघा. त्याची घडी आत दुमडून शिवली गेली असेल तर तेवढी जागा उसवावीच लागेल. मग सुलट करा, चारही कडा सरळ लावा आणि दोन्ही तळहातांनी मध्यापासून बाहेर दाबत या. उरलेला फुगा चिमटीत धरा. चिमटीतली घडी अर्धा इंच उंच किंवा त्याहून कमी असेल, तर जास्तीचं कापड एकूण इंचभरच आहे. फेऱ्या इंच-इंच अंतरावर धरल्या तर तुमच्या पाच फेऱ्यांच्या आत साधारण २५ बाय ३५ इंचाची जागा उरली आहे. तिथे इंच-इंच अंतरावर ३५ इंचाच्या २४ ओळी येतील. इंचभर ढिलेपणा २४ ओळींत वाटला तर एकेकीच्या वाट्याला अर्धा सूतही येत नाही. तो टाक्यांत मुरतो. काहीही उसवू नका. मधला भाग चार-चार बोटांवर उभाआडवा टाचा, टाचताना ढिलेपणा हाताने सगळीकडे सारखा पसरवा, आणि पहिली ओळ बरोबर मध्यावर घ्या. दुसरी तिच्या डावीकडे, तिसरी उजवीकडे, अशी आलटून पालटून.

घडी त्याहून उंच असेल तर एक लांब आणि तिला लागून असलेली एक आखूड, अशा दोनच बाजूंच्या फेऱ्या उसवा. ढिलं कापड त्या मोकळ्या कोपऱ्याकडे सरकवून बाहेर काढा, पुन्हा टाचा, मधल्या ओळी आधी संपवा आणि त्या दोन बाजू शेवटी शिवा. उसवताना पाठीमागून दर चौथा-पाचवा टाका बारीक टोकाच्या कात्रीने कापायचा आणि समोरून दोरा तुकड्यातुकड्याने काढायचा. एक टोक धरून अख्खा दोरा ओढलात तर दोऱ्याबरोबर जुन्या लुगड्याचं सूतही येतं.

टाक्यांकडे वळू. तांदूळ आणि गहू ही तुमची उपमा अचूक आहे, पण असा फरक बहुतेक वेळा थरांमुळे पडतो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच चादरी पॉलिएस्टर मिसळलेल्या आणि दाट विणीच्या असतात. विरलेल्या सुती साडीतून सुई लोण्यातून जावी तशी जाते, चादरीपाशी अडते. अडली की आपण जोर लावतो, आणि जोर लावलेला टाका लांब पडतो. त्यात चौकोनांचे जोड जिथे एकत्र येतात तिथे चार थरांचे सात-आठ होतात. तुमचा मोठा टाका कुठे पडलाय ते नीट बघा, बहुतेक जोडाजवळच सापडेल. जोडावर सुई उभी आत घालून खालून ओढून घ्या, मग वर, असा एकेकच टाका घ्या. सपाट जागी तीन-चार टाके सुईवर भरून एकदम ओढता येतात.

आता चादर काढता येणार नाही, निदान या गोधडीतून. सुई मात्र बदला. लांब, बारीक टोकाची आणि मोठ्या नेढ्याची हवी. दोरा गेल्यावर सुईचं भोक कापडावर उघडं दिसत राहिलं तर सुई जाड आहे. दोरा नेढ्यापाशी पिंजायला लागला तर नेढं लहान आहे. दाभण नकोच, त्याने विरलेलं कापड चिरतं. दोरा जाड सुती घ्या आणि दीड हातापेक्षा लांब ओवू नका. फेऱ्या वाचतील म्हणून लांब दोरा घेतला की तो पीळ धरतो, गाठी बसतात आणि शेवटचा वीतभर झिजून कच्चा होतो. ओवल्यावर एकदा मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्या. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. पहिले दोन दिवस ते बोटावर परकं वाटतं, नंतर त्याच्याशिवाय सुई ढकलवत नाही.

दोरा किती ओढायचा हे नवशिक्या बाईला कुणी सांगत नाही आणि तिथेच गोधडी आकसते. सुईवरचे टाके ओढून झाले की शिवलेल्या ओळीवरून अंगठा मागे-पुढे फिरवा, कापड पुन्हा सपाट झालं पाहिजे. ओळ पूर्ण झाल्यावर दोन्ही टोकं धरून हलकेच ताणा. दोरा आधी ताठ झाला आणि कापड ढिलंच राहिलं, तर टाके आवळलेले आहेत. असा आवळलेला दोरा गोधडी झटकताना तुटतो. तुमच्या पाच फेऱ्यांवर हे करून बघाच. एखादी फेरी आवळलेली निघाली तर ती मात्र उसवा, टाके कितीही देखणे असले तरी.

टाक्याचं माप इंचाला चार ठेवा. परदेशी गोधड्यांत इंचाला आठ-दहा टाके घेणाऱ्या बाया आहेत, पण त्यांचे थर वेगळे, दोरा बारीक आणि हात अनेक वर्षांचा. आपल्या वाकळीच्या जाड दोऱ्याला चार शोभतात. मुळात लहान टाक्यापेक्षा सारखा टाका महत्त्वाचा. सुईवर भरलेले टाके ओढण्याआधी नुसते बघायची सवय लावा. एखादा दुप्पट वाटला तर सुई मागे घ्या. तेव्हा ते दोन सेकंदांचं काम असतं.

सरावासाठी फूटभर चौरस तुकडा करा, त्यात याच चार थरांसारखे थर घाला आणि दहा ओळी मारा. इंचाला चार धरले तर ४८० टाके होतात. सगळ्या ओळी एका दिवशी मारू नका, दोन-दोन करा आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला पेनने तारीख लिहा. दहावी ओळ झाल्यावर पहिलीशेजारी बोट ठेवून बघा. हात बसतोय की नाही हे त्या तुकड्यावरून कळेल, जाऊबाईंना विचारायची गरज पडणार नाही.

फोनवरच्या गोधड्यांबद्दल एवढंच सांगतो, की त्यांतल्या बऱ्याचशा वरची शिवण लाँगआर्म नावाच्या मोठ्या मशीनवर होते. ती कला खरीच आहे, पण तुमच्या धावदोऱ्याशी तिची तुलना लागत नाही. परदेशातलंच बघायचं असेल तर अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून गाव आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या शोधा. कामाच्या जुन्या कपड्यांच्या, वाकड्या पट्ट्यांच्या, कोपरे एकमेकांना न जुळणाऱ्या. २००२ साली त्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी कलासंग्रहालयात लागलं, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. त्या फोटोंत रेषा कशी वाकते ते बघा. वाकते, पण गोधडी फरशीवर सपाट बसते.

इरकलीबद्दल एक काळजी आहे. बऱ्याच इरकली लुगड्यांचं अंग सुती असतं आणि लाल पदर व काठ रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचे. तुमच्या ६३ चौकोनांत पदराचे किती आहेत ते मोजा. रेशमाची कड सुतापेक्षा लवकर उसवते, आणि धुतल्यावर सुती चौकोन आटतो तेवढा रेशमी आटत नाही, म्हणून तो शेजारच्यांपेक्षा फुगीर दिसतो. अशा प्रत्येक चौकोनात शिलाईपासून एक सूत आत, चारही बाजूंनी एक जास्तीचा धावदोरा घाला. आतली कड त्यात पकडली जाते. शिवाय पांढरा सुती रुमाल ओला करून लाल चौकोनावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री टेकवा. रुमालावर गुलाबी डाग उमटला तर तो रंग जाणारा आहे. मिठाच्या पाण्यात भिजवून असा रंग थांबेलच असं नाही, त्यावर विसंबू नका. मग गोधडी कधीही भिजत घालायची नाही. गार पाण्यात झटपट धुवायची आणि ओली घडी करून ठेवायची नाही.

राहिली ती दोन लुगडी. त्यांना आज कात्री लावूच नका, आधी नुसती उलगडा. खिडकीसमोर धरून हात-हातभर पुढे सरकवत बघा. बसण्याच्या जागी, गुडघ्यापाशी कापड जाळीसारखं विरळ झालेलं दिसेल. तिथे खडूने खूण करा. विरळ भाग आतल्या थराला, दाट भाग वरच्या चौकोनांना. कापड कुठे घालायचं अशी शंका असेल तर दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणा, चर्र आवाज आला तर ते आतलंच. पदर अख्खा बाजूला ठेवा, तो या कामाला लागणारच नाही. पहिला काप विरळ भागात घ्या, कारण तो तुकडा आत जाणार आहे, वाकडा कापला गेला तरी कुणाला दिसणार नाही. सरळ कापण्यासाठी काठावर छोटा छेद द्या, आडवा एक धागा चिमटीत धरून सावकाश ओढून काढा. कापडावर एक मोकळी रेघ उमटते, त्या रेघेवरून कात्री चालवायची. धागा मध्येच तुटला तर त्याच जागेवरून पुन्हा टोक धरायचं. पट्टी-पेन्सिलीपेक्षा ही रेघ खरी असते, कारण ती विणीचीच असते. वाकडा, म्हणजे तिरक्या विणीचा कापलेला चौकोन शिवताना ताणला जातो आणि मग पुन्हा कोपऱ्यांचं दुखणं सुरू होतं.

आता हिशेब. इंच-इंच अंतरावरच्या पाच फेऱ्या म्हणजे ६८० इंच शिवण, सुमारे २,७०० टाके. उरलेल्या २४ ओळींचे सुमारे ३,३५०. म्हणजे जवळजवळ अर्ध्यावर तुम्ही आधीच आला आहात. ३५ इंचाच्या ओळीला नवख्या हाताला पंधरा मिनिटं लागतात असं धरा. रोज दोन ओळी, बारा दिवस. त्यापेक्षा जास्त एका बैठकीत करू नका, मान आणि मनगट थकलं की टाका वाढतो. दिवसा, खिडकीपाशी बसून करा. आणि चालू असलेली ओळ संपल्याशिवाय मागच्या ओळीची पाहणी करायची नाही. डोळ्यांपासून वीतभरावर धरलेल्या कापडात प्रत्येक टाका चुकलेलाच दिसतो. बघायचं असेल तर दिवसाचं काम संपल्यावर पलंगावर पसरून, दाराशी उभं राहून बघा.

कडेला गोट लावताना अडीच इंच रुंद पट्टी घ्या. लांबी चारही बाजू मिळून १६० इंच, त्यात कोपऱ्यांसाठी आणि जोडासाठी १० इंच वाढवून १७० धरा. पट्टी लांबीत दुहेरी दुमडून इस्त्री करा, उघड्या कडा गोधडीच्या सुलट कडेला लावून मशीन मारा, दुमड मागे वळवा आणि हाताने शिवून टाका. जरीचा काठ गोटाला वापरू नका. बाळाच्या गालाला तो खरखरतो आणि जरीचे धागे सुटून बोटात अडकतात. मणी, टिकल्या, गोंडेही नकोत. तान्ह्या बाळाच्या अंगावर झोपेत सैल, जाड पांघरूण नसावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. भाचीला ही वाकळ बाळ जागं असताना, समोर कुणी बसलेलं असताना खाली अंथरायला द्या. उपडं पडायला, रांगायला ती उत्तम.

बाजारातल्या तयार गोधडीबद्दल जाऊबाई म्हणाल्या ते खरं आहे, मिळते. तुमच्या सासूबाईंचं लुगडं त्यात नसतं.

सगळं झाल्यावर, भाचीकडे देण्याआधी, एकदा स्वतः गार पाण्यात धुवा. पिळू नका. दोरीवर टांगलीत तर पाण्याच्या वजनाने एक बाजू लोंबते आणि ओळी ताणल्या जातात. गच्चीवर स्वच्छ चादर टाकून तिच्यावर आडवी पसरा आणि अर्धी वाळल्यावर पालथी करा. वाळली की हात फिरवून बघा. सुती कापड थोडं आकसलेलं असेल, टाके त्यात रुतलेले असतील, ओळींच्या मध्ये बारीक चुण्या उठलेल्या असतील. आज ज्या गव्हाएवढ्या टाक्यांमुळे तुम्ही थांबलात ते तेव्हा शोधावे लागतील.